त्या फोटोत चिमणी आहे कुठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला कार्बन उत्सर्जनावरचा लेख वाचला. लेखातलं म्हणणं मला मान्य आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर हा कोळशाची वकिली करायला आलाय असं वाटायचं. पण लेखाच्या डोक्यावर एवढा मोठा फोटो छापलाय आणि खाली 'विषारी धूर ओकणाऱ्या चिमण्या' असं लिहिलंय, त्या फोटोत एकही चिमणी नाहीये हो! ते कूलिंग टॉवर आहेत, कमरेत बारीक आणि वर-खाली रुंद, आणि त्यातून जे पांढरं ढगासारखं निघतंय ते पाणी आहे. वाफ आणि बारीक थेंब, दुसरं काही नाही.

मी औष्णिक वीज केंद्रात 31 वर्षं बॉयलरवर काढलीत, त्यामुळे सकाळी पेपर उघडला आणि रागच आला. कोळसा जाळून जी उष्णता मिळते त्यातली साधारण एक तृतीयांश, फार तर थोडी जास्त, तेवढ्याचीच वीज होते, बाकीची बरीचशी कंडेन्सरच्या, म्हणजे टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं परत पाणी करणाऱ्या यंत्राच्या, पाण्यात जाते आणि ते तापलेलं पाणी गार करायला हे टॉवर बांधलेले असतात. असेच टॉवर अणुवीज केंद्रालाही असतात आणि तिथे तर कोळशाचा खडासुद्धा जळत नाही. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हापासून लोकांच्या डोक्यात तोच आकार म्हणजे धोका असं जे बसलंय ते बसलंयच. तुमचा कालचा फोटोही अणुवीज केंद्राचा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

घरी म्हणाले एका फोटोवरून एवढं काय मनाला लावून घ्यायचं. का लावून घेतो ते सांगतो.

नोकरीत असताना एकदा आजूबाजूच्या वस्तीतले पंधरा-वीस लोक गेटवर आले होते. हातात पेपरचं कात्रण, त्यात असाच टॉवरचा फोटो. हा धूर बंद करा म्हणाले. वरून आदेश आला की यांना आत नेऊन टॉवर दाखवा, आणि न्यायला मलाच पाठवलं. टॉवरच्या खाली उभं राहिलं की वरून पाण्याचा नुसता धो-धो आवाज येतो, समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, अंगावर तुषार उडतात. मी एक पत्र्याचा तुकडा तिथे धरला, तो ओला झाला, मग रुमालाने पुसून रुमाल त्यांना दाखवला. पांढराच्या पांढरा. लोक एकमेकांकडे बघायला लागले, दोघं-तिघं तर हसलेच. निघताना त्यांच्यातल्या एक बाई थांबल्या, उंच चिमणीकडे बोट करून म्हणाल्या, मग त्याच्यातून काय जातं? आमचे साहेब सोबत होते, ते म्हणाले, "बघा ना, दिसतंय का काही?" खरंच काही दिसत नव्हतं. त्या दिवशी ईएसपी, म्हणजे धुरातली राख विजेच्या भाराने ओढून घेणारं यंत्र, व्यवस्थित चालू होता, राख नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर खालीच पकडली जात होती, वरचं आभाळ स्वच्छ. बाई मान हलवून गेल्या. मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो.

त्या चिमणीतून काय जात होतं ते मला माहीत होतं की. आमचा तो संच साधारण 200 मेगावॅटचा, आणि कोळशावरच्या एका युनिट विजेमागे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे पूर्ण लोडवर तासाला जवळपास 200 टन. रंग नाही, वास नाही, ईएसपी त्याला अडवत नाही कारण ईएसपी फक्त राखेचे कण पकडतो. ईएसपीचा एखादा भाग बंद पडून चिमणीतून काळपट लोट निघाला की कंट्रोल रूममध्ये फोनवर फोन यायचे, आणि या 200 टनांसाठी माझ्या 31 वर्षांत एक फोन आला नाही. चुकीच्या फोटोमुळे नेमकं हेच होतं, लोक टॉवरकडे बोट दाखवतात, कंपनीवाले ओला पत्रा दाखवून खरं बोलून सुटतात आणि चिमणीचा विषय निघतच नाही.

आता कुणीतरी लिहील की वाफसुद्धा उष्णता धरून ठेवते. धरते, मान्य, पण ती आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं वर राहतो. तो उष्णता अडवतो हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये प्रयोगशाळेत मोजून दाखवलंय. 1958 साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजमाप सुरू झालं तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. हे सगळं न दिसता झालं.

आणि लिहायलाच बसलोय तर अजून एक. लेखात एका ठिकाणी 'कार्बन' आणि पुढच्याच ओळीत 'कार्बन डायऑक्साइड' असं आलंय, जणू दोन्ही एकच. 12 किलो कार्बन जळला की हवेतला ऑक्सिजन धरून 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, साडेतीन पटींहून जास्त फरक आहे, एक टन कशाचा ते नको का सांगायला? आणि 'वर्षाला 500 मेगावॅट वीज' म्हणजे काय? मेगावॅट ही क्षमता झाली, वीज युनिटमध्ये मोजतात, बिलावर छापलेलं असतं. 500 मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि 500 मेगावॅटचा कोळशाचा संच वर्षाला सारखी वीज देत नाहीत, कारण रात्री ऊन नसतं. हे लपवून सौरऊर्जेचं भलं होत नाही. तिची बाजू तशीही भक्कम आहे, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2014 च्या अहवालात बांधकामापासूनचं सगळं धरून युनिटमागे कार्बन डायऑक्साइडचा जगभरातला मधला आकडा म्हणून कोळशाचे 820 ग्रॅम, गॅसचे 490, सौर पॅनेलचे चाळीस-पन्नास आणि पवनचक्की, अणुवीज यांचे 11-12 ग्रॅम दिलेत. हे आकडे छापले असते तर त्या फोटोची गरजच पडली नसती.

ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 ला आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद केलं. तिथेही लांबून डोळ्यांत भरायचे ते आठ कूलिंग टॉवर, कार्बन डायऑक्साइड मात्र सोडत होती शेजारची चिमणी.

तेव्हा विनंती एवढीच की उद्या चूक-दुरुस्ती छापा, आणि पुढच्या वेळी फोटो हवाच असेल तर निरभ्र दिवशी चालू संचाच्या चिमणीचा छापा, वर काहीही दिसत नसलेला, आणि त्याखाली लिहा की या क्षणी यातून तासाला किती टन जातोय. त्या बाईंना तेव्हा मी द्यायचं राहिलेलं उत्तर तेच आहे.

आपला,
एक निवृत्त बॉयलर ऑपरेटर