फोकस की आणखी काही?

नागपूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले मृग नक्षत्राचे फोटो मोठे करून पाहिले. ‘फोकस बसतच नाही’ हे तुझं म्हणणं अर्धंच खरं आहे बे. लेन्सच्या फोकस रिंगला हात लावण्याआधी ताऱ्याचा आकार बघ. सगळीकडून सारखा फुगलेला गोळा असेल, तर फोकस चुकलाय. सगळे तारे एकाच दिशेने लांबट असतील, तर शटर जास्त वेळ उघडं राहिलं. तुझ्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ५० मिमीची लेन्स ७५ मिमीसारखी वागते. तारे लांबट न होता शटर किती वेळ उघडं ठेवता येईल, तर ५०० भागिले ७५, म्हणजे जेमतेम साडेसहा सेकंद. तू शटर १५ सेकंद उघडं ठेवलंस. त्यात हा ५०० चा नियमही सैलच, तू ४ सेकंदांवर ये. मधले तारे नीट आणि फक्त कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेले, तर तो लेन्सचा कोमा नावाचा दोष. अ‍ॅपर्चर एफ/१.८ वरून एफ/२.८ वर आणलंस की बराच आवरतो.

आता खरा फोकस. लेन्सवरच्या आडव्या आठाच्या, म्हणजे अनंत अंतराच्या खुणेवर विसंबू नको. ऑटोफोकस लेन्सची रिंग त्या खुणेच्या पुढेही फिरते, आणि नेमकी जागा तापमानानुसार थोडी सरकते. स्विच एमएफवर (मॅन्युअल फोकस), स्टॅबिलायझर बंद, यूव्ही फिल्टर काढलेला. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ३२००. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, व्याध धर आणि १० पट मोठा कर. अगस्त्य कितीही तेजस्वी असला तरी त्याच्यावर फोकस करू नको. नागपुरातून तो क्षितिजापासून १६ अंशांच्या वर जातच नाही, तिथली हवा त्याला सतत नाचवते. उन्हाळ्यात अभिजित घे, तो बराच वर येतो.

रिंग केसभर फिरवत जा. ठिपका लहान होईल, मग पुन्हा फुगायला लागेल. तो फुगेपर्यंत पुढे जायचंच, नाहीतर सर्वांत लहान कुठे होता ते कळणार कसं? मग परत ये. ठिपक्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे आजूबाजूचे अंधुक तारे: ते जिथे सर्वांत जास्त उमटतात, तोच फोकस. एक फोटो काढ, मोठा करून बघ, मगच रिंगवर कागदी चिकटपट्टी लाव. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर झूम जरा जरी हलला तरी हे सगळं पहिल्यापासून. काही मिररलेस लेन्सेस कॅमेरा बंद केला की फोकस विसरतात, म्हणून मध्ये बंद करू नको.

बाख्तिनोव्ह मास्क, म्हणजे फोकससाठी लेन्सपुढे लावायची खाचांची चकती, घ्यायचा का, असं विचारलंस. तो लावला की ताऱ्यातून तीन रेषा निघतात. मधली रेषा बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस बसला. पण ५० मिमीवर त्या इतक्या बारीक दिसतात की डोळे ताणावे लागतात. २०० मिमीची लेन्स किंवा दुर्बीण आली की जरूर घे, आत्ता पैसे वाचव. आणि मास्क काढायचा विसरून रात्रभर फोटो काढणारेही असतात, सांगून ठेवतो.

मे महिन्यात घराच्या गच्चीवर १० पट मोठा केलेला तारा उकळताना दिसला, तर तो दिवसभर तापलेला स्लॅब आहे. मध्यरात्रीनंतर कर, किंवा मोकळ्या मैदानात जा. डिसेंबरात पेंचच्या बाजूला उलटी अडचण: दोन-तीन तासांत पारा उतरतो, फोकस सरकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने तपासायचा. ताऱ्यांभोवती धुरकट वलय आलं तर टॉर्च लेन्सवर तिरका मारून बघ, दव असेल. पुसू नको, डाग पसरतात. हूड लाव आणि पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा लेन्सच्या पुढच्या टोकाला बांध. पट्टा मात्र फोकस करण्याआधीच चालू कर; काच तापली की फोकस पुन्हा हलतो.

पुढचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे टाकू नको, ते दाबून लहान होतात आणि आकार कळत नाही. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, एक मधला आणि एक कोपऱ्यातला तुकडा मी बघतो.

तुझा,
विवेक