न्या. खन्नांचे भिन्नमत मराठीत यावे

महोदय,

आणीबाणीत माझे वडील ‘मिसा’ या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात होते. त्यांची सेन्सॉरचा शिक्का असलेली दोन पोस्टकार्डे आईने लुगड्याच्या घडीत जपून ठेवली होती. म्हणूनच न्या. हंसराज खन्ना हे नाव आमच्या घरात आदराने घेतले जाई.

स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असा कौल मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी फिरवला. तो 'एक' म्हणजे खन्ना. सुनावणीत त्यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना थेट विचारले, की राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. मग एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरी दाद नाही? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर आले. हा प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो.

जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. तो बहुमताचा निकाल २०१७ मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात, रीतसर रद्द झाला. तोवर खन्ना हयात नव्हते, याची हळहळ वाटते.

कायद्याचे विद्यार्थी हे भिन्नमत इंग्रजीत वाचतात. माझ्या आईसारख्यांनी ते कुठे वाचायचे? आपल्या रविवार पुरवणीत त्याचा सुबोध मराठी अनुवाद क्रमशः द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा