व्हेनिसचा दाखला देताना

संपादक महोदय,

पर्यटनस्थळी प्रवेशकर लावावा की नाही, हा वाद निघाला की व्हेनिसचा दाखला हमखास दिला जातो. बहुतेक वेळा तो अर्धाच असतो.

तिथल्या पालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी २९ दिवस, २०२५ मध्ये ५४ दिवस, तेही सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेतच. ऐन वेळी नोंदणी करणाऱ्याला २०२५ पासून १० युरो. मात्र दिवसाला किती माणसे आत घ्यायची याला कसलीही मर्यादा नाही. पैसे भरले, क्यूआर कोड मिळाला, की वाट मोकळी. त्यामुळे याला गर्दीवरचा उपाय म्हणणे धाडसाचे आहे. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर पावती फाडतात, त्याच जातीचे हे प्रकरण. शहराच्या हद्दीत मुक्काम करणाऱ्यांना हा कर माफ आहे, पण माफीचा कोडही आधी काढून ठेवावा लागतो. तो नसेल तर दंड ५० ते ३०० युरो.

स्थानिकांना खरा आधार आहे तो बोटीच्या दुहेरी भाड्याचा. व्हॅपोरेटो म्हणजे तिथली सिटी बसच. पाहुण्याला ७५ मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोला पडते. कार्डधारक रहिवाशाला साधारण दीड युरोला. पाहुण्यांच्या खिशातून रहिवाशांचा प्रवास स्वस्त होतो, हे उघड गणित आहे. आणि सेवा महागडी का, तेही समजण्यासारखे आहे. प्रत्येक धक्क्यावर एक खलाशी दोर टाकून बोट बांधतो, फाटक सरकवतो, माणसे उतरवतो, चढवतो, मग दोर सोडतो. बसचे दार उघडून मिटण्याइतके ते सोपे नाही. धक्के तरंगते असल्याने भरती-ओहोटीत चढउतार जमते. पूल मात्र जागचे हलत नाहीत. मोठ्या भरतीत कन्नारेजिओ कालव्यावरच्या पुलांखालून बोट जात नाही, तेव्हा तिथून जाणाऱ्या बोटींचे मार्ग बदलतात.

जाणाऱ्यांनी हिशेब असा करावा: दिवसात, दर वेळी सव्वा तासाहून जास्त अंतराने, तीन फेऱ्या होणार असतील तर २५ युरोंचा २४ तासांचा पास परवडतो. पास असला तरी दर वेळी चढण्याआधी तो यंत्राला टेकवायचाच. मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेहून दीड युरोत बस किंवा ट्राम पियात्साले रोमा या चौकापर्यंत आणते, पण ते तिकीट बोटीत चालत नाही. घोटाळा होतो तो इथेच. ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यावर पूल अवघे चार. नुसते पलीकडे जायचे असेल तर त्राघेत्तो, म्हणजे दोन युरोंत पार करणारी साधी गोंडोला, बरी. पियात्साले रोमाजवळच्या नव्या पुलाच्या काचेच्या पायऱ्या ओल्या झाल्या की घसरतात; बॅगा असतील तर जपून.

आता पालिकेकडे पाहू. बेटांवरच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. पालिका मात्र मेस्त्रेसह एकच, आणि मतदार बहुसंख्य मुख्य भूमीवरचे. बोटीवर ज्यांचे रोजचे जगणे अवलंबून आहे, ते आपल्याच महापालिकेत अल्पसंख्य आहेत. दोन्ही शहरे वेगळी करण्यासाठी पाच वेळा जनमत घेतले गेले, शेवटचे डिसेंबर २०१९ मध्ये. ते पुरेशा मतदानाअभावी बारगळले. प्रवेशकराची चर्चा करणारे आपल्याकडचे लोक या भागाला हातच लावत नाहीत, याचे नवल वाटते.

आपल्या टूर कंपन्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा. ऑगस्ट २०२४ पासून तिथे मार्गदर्शकासोबत २५ पेक्षा जास्त माणसांचा गट नेता येत नाही, आणि लाउडस्पीकरवर बंदी आहे. चाळीस जणांची बस नेली, तर दोन मार्गदर्शक लागतील.

– एक वाचक, पुणे