आईच्या वाड्यातला चौथा कॅमेरा

पव्या,

दिवाळीपासून तुला एक फोन नाही, शिव्या घाल, ऐकून घेतो. तब्येती ठीक, शुगर आहे तशीच. आज लिहायला बसलो कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

मागच्या सोमवारी रात्री वाड्यात कुणीतरी भिंतीवरून उतरलं आणि बोअरची केबल कापून नेली. केबलचं जाऊ दे. आईला जाग आली होती रे. आतून कडी घालून, दिवा न लावता, पहाटेपर्यंत माजघरात बसून राहिली आणि मला फोन केला नाही. का, तर "तुझी झोपमोड कशाला." लातूरहून गाडीवर अर्ध्या तासाचा रस्ता, पव्या.

अण्णा पडले तेव्हा तू म्हणाला होतास कॅमेरा बसव, आणि मी भर बसस्टँडवर भांडलो, म्हातारीवर पाळत ठेवू का म्हणून. तुझंच बरोबर होतं. (चहाचे पैसे मात्र त्या दिवशी मीच दिले, ते विसरू नको.)

आठ दिवस झाले डोक्यात दुसरं काही नाही. आधी वायफायवाले घ्यायचे म्हणत होतो, वायरची कटकट नाही, पण आपल्या त्या दीड हात जाडीच्या भिंती, माजघरातनं ओसरीत वायफाय काय पोचणार. आणि रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच, चोरानं कॅमेरा उपटला की रेकॉर्डिंग पण गेलं. म्हणून वायरचेच चार घेतले, २ मेगापिक्सल, चित्र आणि करंट एकाच वायरीतनं नेणारी थ्री प्लस वन केबल, डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा धान्याच्या खोलीत वरच्या फळीवर. १ टीबीची हार्ड डिस्क, दर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग २ एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) धरलं तर चोवीस तास चालून दहा-अकरा दिवसांचं राहतं. दारावर ३.६ एमएमची लेन्स घेतली, २.८ मध्ये रुंद दिसतं पण माणसाचं तोंड बारीक येतं, आणि मला तर तोंडच पाहिजे. लाईटचं तुला माहीतच आहे. नुसता डीव्हीआर इन्व्हर्टरवर टाकून भागत नाही, कॅमेऱ्यांचा सप्लाय आणि सिमचा राउटर पण टाकावा लागतो, ते कॅमेरे बसवणाऱ्या पोरानं सांगितलं म्हणून बरं. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला.

तीन बसले. चौथा अंगणातला, तिथं गाडी अडली. पडायची भीती तिथंच जास्त, न्हाणीपुढची ती शेवाळलेली फरशी तुला ठाऊक आहे. पण आई तिथंच केस वाळवत बसते, तिथंच लुगडं बदलून बाहेर येते. ती नाही म्हणत नाही रे, तेच वाईट वाटायलंय. काल मोबाईलवर बघितलं, ओसरीतल्या कॅमेऱ्याखाली आली की डोक्यावरचा पदर सारखा करते, पुढं जाते, परत येताना परत करते. स्वतःच्या घरात. मी मोबाईल बंद केला.

फरशीपुरताच खाली वळवून बसवता येतो म्हणतो तो पोरगा, न्हाणीचं दार दिसणार नाही असा. पण ते तिला पटलं पाहिजे, माझ्या भीतीनं हो म्हणायला नको.

वहिनीचं ऑपरेशन नीट झालं ना? पोरीच्या दहावीचं कळव.

आणि आईला एक फोन कर. तुझ्याशी ती खरं बोलते. सकाळी आठच्या आत कर, नंतर शेताकडं जाते.

तुझाच,
संज्या