कॉमिक्समधला बाँड ही चित्रपटांची नक्कल नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील हेरकथांवरच्या लेखात कॉमिक्समधल्या जेम्स बाँडला ‘चित्रपटांची नक्कल’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. या चित्रकथा मी अनेक वर्षे आवडीने वाचत असल्यामुळे हे विधान मला मान्य करता येत नाही.

मुळात क्रमच उलटा आहे. बाँडचा पहिला चित्रपट १९६२चा. इयान फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांवरील चित्रमालिका मात्र लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये १९५८पासूनच सुरू झाली होती. बाँड कसा दिसतो हे दाखवणारे एक रेखाचित्र फ्लेमिंग यांनी मुद्दाम करून घेतले होते, परंतु चित्रकार जॉन मॅक्लस्की यांना तो चेहरा जुन्या वळणाचा वाटला आणि त्यांनी अधिक रांगडा बाँड रेखाटला. लेखकाच्या हयातीतच पात्राचा असा नवा अर्थ लावला गेला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

२०१५मध्ये वॉरन एलिस यांनी जेसन मास्टर्स यांच्या चित्रांसह बाँडची नवी मालिका सुरू केली, तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या नटांना बाजूला ठेवून कादंबरीतल्या थंड, कामापुरत्या माणसाकडे पाहिले. हेल्सिंकीतला आरंभीचा पाठलाग जवळजवळ शब्दांविना पुढे सरकतो. पडद्यावरची हत्या क्षणात सरते आणि पार्श्वसंगीत आपल्याला पुढे घेऊन जाते. चौकटीतली हत्या मात्र आपण पान उलटेपर्यंत समोरच राहते, आणि हा माणूस नेमके कोणते काम करतो हे तिथे टाळता येत नाही. नंतर बाँडच्या कार्यालयातली सहकारी मनीपेनी हिलाही स्वतंत्र कथा मिळाली, तीही वाचण्याजोगी आहे.

ॲलन मूर आणि केव्हिन ओ’नील यांनी ‘द ब्लॅक डॉसियर’ (२००७) या चित्रकथेत याहून कठोर वाट धरली. त्यांचा ‘जिमी’ हा स्त्रियांशी हिंसकपणे वागणारा, क्रूर माणूस आहे. आडनाव दिलेले नसले तरी तो कोण, हे वाचकाला लगेच कळते. या चित्रणाचे धाडस मी मानतो, पण ते पूर्ण न्याय्य आहे असे मला वाटत नाही, कारण १९५३च्या पहिल्याच कादंबरीत इस्पितळात पडलेला बाँड नायक कोण आणि खलनायक कोण, या प्रश्नाने अस्वस्थ होऊन नोकरी सोडण्याची भाषा करतो. मूर यांनी ज्या दंतकथेवर हल्ला केला, तिच्याविषयीची शंका मूळ लेखनात आधीपासूनच होती.

असा वाद ज्यांच्यामुळे उभा राहतो, त्या चित्रकथांचे परीक्षण आपल्या पुरवणीत लेखक आणि चित्रकार या दोघांच्याही नावांसह, चित्रपटांच्या स्तंभाबाहेर स्वतंत्रपणे यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक