मेंदूचा निचरा आणि रात्रीची लाईट

मा. संपादक,

झोपेत मेंदूतला कचरा वाहून जातो, हा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. फक्त शेवटचा 'रात्री दहाला झोपा' हा सल्ला वाचून आमच्या घरी हसू आलं. आमची मोटर रात्री दहालाच चालू होते.

आम्ही पलूस तालुक्यातले, ऊसवाले. गेल्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. थोरला भाऊ, वय 61, डोक्याला बॅटरी लावून दारं धरायला गेला. एक सरी भरली की दारं मोडून पाणी पुढच्या सरीत, असं पहाटे सहापर्यंत. चिखलाच्या पायानं घरी आला, चहा घेतला आणि धारा काढायला बसला. असं सलग चार रात्री. दुपारी गोठ्याच्या पत्र्याखाली तासभर पडतो, तेवढीच त्याची झोप.

निचरा म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पाणी जादा आणि निचरा नाही, म्हणून कृष्णाकाठची किती रानं क्षारपड झाली! मेंदूचं गणितही फार वेगळं दिसत नाही. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये उंदरांत दाखवलं, की मेंदूभोवतीचा द्रव धमन्यांच्या कडेनं आत झिरपतो आणि पेशींमधली घाण घेऊन बाहेर पडतो. तिथंही दारंच आहेत: ताऱ्यासारख्या पेशींवरची 'ॲक्वापोरिन-4' नावाची, पाण्याची. मोठ्या माणसात हा द्रव असतो जेमतेम 150 मिली, पण दिवसाला तयार होतो सुमारे 500 मिली. म्हणजे पाणी तीनदा तरी बदलतं. 2013 मध्ये त्याच गटाला झोपलेल्या उंदरांत पेशींमधली मोकळी जागा सुमारे 60 टक्क्यांनी वाढलेली आढळली. अल्झायमर या विसर पडण्याच्या आजारात मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन त्या वेळी जास्त वेगानं निघून जात होतं. माणसांवरही एक प्रयोग झालाय. 2018 मध्ये अमेरिकेत 20 निरोगी लोकांना एक रात्र जागवलं, तर मेंदूत अमायलॉइड वाढलेलं दिसलं. एकच रात्र!

आपल्या लेखात एक गोष्ट राहिली. 2024 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना उंदरांत नेमकं उलटं, झोपेत निचरा मंदावलेला दिसला. तेव्हा वाद मिटलेला नाही. आमचे अण्णा शेवटची चार वर्षं स्वतःचं रान ओळखत नव्हते. ते रात्रीच्या पाण्यानंच झालं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बरोबरीनं दारं धरणारे काहीजण आजही चावडीवर बसून खणखणीत हिशेब सांगतात.

पण रात्रीच्या लाईटचा विषय निघाला की साप आणि बिबट्या एवढंच बोललं जातं. गेलेली झोप कुणी मोजत नाही, कारण ती पंचनाम्यात येत नाही. दिवसा लाईट मिळणार, हे कितीतरी वर्षं ऐकतोय. ती मागणी यापुढं आरोग्याची म्हणूनही मांडावी आणि आपल्या वृत्तपत्रानं तिचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आणि पुढच्या लेखात डॉक्टरांनी एवढं सांगावं: पत्र्याखालच्या त्या तासाभरात कितपत निचरा होतो? सोमवारपासून पुन्हा रात्रीची लाईट आहे.

आपला,
एक वाचक, पलूस तालुका, जि. सांगली