अण्णा आहेत

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. ‘अल्झायमरने सगळं पुसलं, आता नुसतं अण्णांचं शरीर उरलंय’ असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

तुझ्या म्हणण्याला मोठा आधार आहे, हे मान्य. जाणीव मागे जिथवर पोचते तिथवरच माणूस ‘तोच’ राहतो, असं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली मांडलं. तुझं नाव, काकूंचं जाणं, शिंपीकामाचं दुकान, सगळं पुसलं गेलं की त्या हिशेबाने अण्णा संपले. पण हा हिशेब फक्त सांगता येणाऱ्या आठवणींचा झाला.

अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनचं बघ. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली, त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी, मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, बराच हिस्सा काढला. त्यानंतर नवं काही लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. पहिल्या दिवशी चुकाच चुका. तिसऱ्या दिवशी हात सफाईने फिरला, आणि हे आपण आधी केलंय याचा त्याला पत्ताच नव्हता! मग शिकलं कोण? हेन्रीच ना?

अल्झायमर हिप्पोकॅम्पसला लवकर धरतो. हातात मुरलेलं कसब सांभाळणारे भाग, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू, बहुधा जास्त तग धरतात. पावसाळ्यात मी आलो तेव्हा अण्णांनी मला ‘कोण आपण?’ विचारलं. मग माझ्या शर्टाची कड चिमटीत धरून चोळली, उलटवून शिवण पाहिली आणि तोंड वाकडं केलं. ‘टाका लांब पडलाय.’ सुधीर, ही नाराजी आणखी कुणाची असणार? गिऱ्हाईक खूश असलं तरी स्वतःला पटेना म्हणून कॉलर उसवणारे अण्णाच ते. त्यांची पारख बोटांत होती आणि अजून आहे.

पुढे हातही विसरतील. हा आजार तिथवर जातो, हे तुझ्यापासून लपवत नाही, आणि त्या दिवसासाठी माझ्यापाशी उत्तर नाही. पण तो दिवस अजून आलेला नाही. त्यांचं सुतक आतापासून धरू नकोस रे.

आणि ‘मी कोण, ओळखा पाहू’ हे आधी बंद कर. त्या परीक्षेत ते रोज नापास होतात आणि दोघेही रडवेले होता. त्याऐवजी खडू, टेप आणि खादीचे, पॉपलिनचे, सुटिंगचे तुकडे समोर ठेव. कात्री, सुई नको. शेजारी बस, तूही कापड हातात घे आणि कसं आहे ते त्यांना विचार.

दिवाळीनंतर येतोय. तुकडे मीही आणीन.

तुझा,
विनय